सासू-सुनेचं शंभर टक्के एकमत

मंडळी, मी फक्त एवढंच म्हणालो होतो, "तुम्ही दोघी जरा आडव्या व्हा, कागदांकडे मी बघतो."

आता यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा. दुसऱ्या घरात म्हाताऱ्याने बायकांची अशी काळजी केली असती तर सगळ्यांचे डोळे भरून आले असते. आमच्या हिने एक डोळा बारीक केला आणि विचारलं, "का?"

"का म्हणजे? दमलात तुम्ही."

"आम्ही दमतो हे लग्न झाल्यापासून आजच दिसलं तुम्हाला?"

(बघा. चांगुलपणाला या घरात असा भाव आहे.)

पण थांबा, मला गोष्ट मधूनच सुरू करायची खोड आहे. आधी ते कागद आमच्या घरात आले कुठून ते सांगतो.

आमची सूनबाई एका ऑफिसात काम करते. तिथलं काम मोठं मजेशीर. कोणी संस्था लोकांच्या भल्याची काहीतरी योजना काढते, आणि ह्यांनी जाऊन मोजायचं, की भलं खरंच झालं का नुसतेच फोटो निघाले. त्याला इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन म्हणतात. हा शब्द तोंडात बसेपर्यंत माझी कवळी दोनदा सुटली, पण आता असा बसलाय की दूधवाल्यालाही ऐकवतो. दूध पातळ आलं की म्हणतो, "तुझ्या पाण्याचं इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन करावं लागेल." तो घाबरतो. दूध तसंच राहतं.

तर हे मोजायला जायच्या आधी म्हणे वाचायचं. जगात अजून कोणी अशी योजना करून बघितली का, मोजली का, कशी मोजली, ते सगळं शोधून काढायचं. नीट केलेलं ठेवायचं, गचाळ केलेलं टाकायचं आणि उरलेलं काय सांगतं ते मांडायचं. हा झाला लिटरेचर रिव्ह्यू. आजवर असं काम सूनबाई करायची आणि नाव मॅडमचं लागायचं. या वेळी पहिल्यांदा नाव तिचं लागणार होतं, एकटीचं. पोरगी घरात चालत नव्हती, तरंगत होती.

आता योजना कोणती ते ऐका. नवरे मंडळींनी जरा भिंतीला धरून ऐका.

"विवाहित पुरुषांसाठी घरकामाचे वर्ग."

होय! नवऱ्यांना बोलवायचं, ओळीत बसवायचं आणि केर, भांडी, धुणं, स्वयंपाक शिकवायचा. आणि हे वर्ग काढायचे होते आमच्याच भागात. रिव्ह्यूतून निघालं की अशा वर्गांनी फरक पडतो, तर गोष्ट पुढे जाणार. निघालं की पडत नाही, तर नवरे सुटले.

मी उभा जन्म एका मोठ्या ऑफिसात लिफ्ट चालवली. घरकामात माझा हातभार एवढाच, की ही केर काढायला लागली की मी खुर्चीत पाय वर घेतो. तेसुद्धा तिने सांगितल्याशिवाय. या वयात कोणी मला ओळीत बसवून भांडं घासायला शिकवणार, या विचारानेच मी खुर्चीत पाय आणखी वर घेतले.

पण वरून मी एकदम गरीब गाय.

"सूनबाई, किती छान काम आहे गं तुझं," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही छान म्हणालात की मला भीती वाटते," सूनबाई म्हणाली.

(हुशार आहे. पोराने बोटीवरची नोकरी धरली आणि जाताना आमच्यावर ही लक्ष ठेवायला ठेवली.)

आता या कामाची एक पद्धत आहे. प्रत्येक कागद दोघांनी वाचायचा, वेगवेगळं बसून. ठेवायचा असेल तर बरोबरची खूण, टाकायचा असेल तर फुली. दोघांनी एकमेकांना काही सांगायचं नाही, विचारायचं नाही, खुणावायचं नाही. शेवटी खुणा जुळवून बघायच्या. जिथे जुळत नाहीत तिथे तिसऱ्याने, म्हणजे मॅडमनी, निकाल द्यायचा. सूनबाईच्या जोडीदारणीला ऐन वेळी कांजिण्या निघाल्या. मॅडम म्हणाल्या, नियम समजावून सांगितले तर वाचता येणारं कोणीही शहाणं माणूस चालेल.

सूनबाईने घरात नजर फिरवली. माझ्यावरून ती नजर अशी गेली जशी रिकाम्या खुर्चीवरून जाते. (मला वाचता येतं बरं का. दुकानाची पाटी, औषधाची बाटली. मोठं अक्षर असेल आणि घाई नसेल तर.) नजर जाऊन थांबली हिच्यावर.

आमची ही शाळेत मुख्याध्यापिका होती. पाठीमागे मी तिला हेडबाई म्हणतो. समोर काहीच म्हणत नाही.

झालं! हेडबाईंना स्क्रीनवर वाचवत नाही म्हणून सूनबाईने सगळे कागद छापून आणले. सून बसली बाहेरच्या खोलीत, सासू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. मध्ये दार लावलेलं. एकीच्या चिठ्ठ्या पिवळ्या, दुसरीच्या गुलाबी. चिठ्ठीवर खूण करायची, घडी घालायची, कागदाला टाचायची. आणि कागद इकडून तिकडे न्यायला मी.

मंडळी, सासू-सुनेने एकाच घरात बसून एकाच गोष्टीवर मत द्यायचं आणि बोलायचं नाही! माझ्यासारख्याला हे म्हणजे मांजराला दुधाच्या पातेल्यावर राखण बसवल्यासारखं.

आतून हिचा आवाज आला, "हॅ!"

सूनबाई बाहेरून ओरडली, "आई, 'हॅ' नाही म्हणायचं! मला कळतं ना त्यावरून!"

"मग श्वास घेऊ का नको?"

"घ्या, पण मत न देता घ्या!"

मी कागद घेऊन बाहेर गेलो आणि हळूच म्हणालो, "सूनबाई, मी काही बघितलं नाही, पण आत एका कागदावर हिने अशी कचकचून फुली मारली की टेबल हललं."

सूनबाईने दोन्ही कान बंद केले. "बाबा! बाहेर व्हा!"

"मी बाहेरच आहे."

"मग अजून बाहेर व्हा!"

शेवटचा कागद झाला. दोघी पार पिळून निघाल्या होत्या. मॅडम पाचला येणार होत्या. चिठ्ठ्या जुळवायच्या आधी थोडी पाठ टेकावी असं त्यांना वाटलं, आणि तेव्हाच मी ते वाक्य बोललो. कागदांकडे मी बघतो.

आणि खरं सांगतो, तोवर माझ्या मनात काही नव्हतं. नुसतं बघणारच होतो. पण दोघी आत गेल्या आणि दारात आमच्या शेजारचा टेलर उभा. गळ्यात मापाची पट्टी, तोंडचं पाणी पळालेलं.

"अरे, हे वर्गाचं खरंय का?" त्याने विचारलं.

"हळू बोल."

"माझ्या बायकोने नाव नोंदवायची तयारी ठेवलीय! मला म्हणते, तुम्हाला एवढं शिवता येतं, भाकरी का नाही थापता येणार. अरे, भाकरीला काजं करतात का? काहीतरी कर."

"मी काय करणार?"

"लेका, अख्खं प्रकरण तुझ्या टेबलावर पडलंय आणि मलाच विचारतोस?"

दोघांनी मिळून त्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

सूनबाईने मला आधी सांगून ठेवलं होतं, "बाबा, निकाल काय आलाय ते बघून कागद ठेवायचा किंवा टाकायचा नसतो. अभ्यास नीट केलाय का तेवढंच बघायचं. निकाल बघून निवडलं की सगळं काम नासलं." फार चांगलं सांगितलं होतं. त्यामुळेच मला कळलं की नासवायचं कसं!

पण निकाल कळणार कसा? अक्षर मुंगीएवढं. टेलरचा चष्मा फक्त सुईपुरता. मी कागद उलटत गेलो, आणि एका पानावर बघतो तो काय, चित्र! एक रेघ. दुसरा कागद उघडला, त्यातही रेघ. कुठे वर जाणारी, कुठे खाली येणारी.

माझा चेहरा उजळला. "टेलर, मी लिफ्टमन आहे. वर आणि खाली यात मला कोणी शिकवायचं नाही."

"म्हणजे?"

"वर्ग झाला आणि रेघ वर गेली, म्हणजे नवऱ्यांचं काम वाढलं. असा कागद घातक. दोन फुल्या. रेघ खाली गेली, म्हणजे वर्ग होऊनही नवरे हलले नाहीत. असा कागद आपला. दोन बरोबर."

टेलरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझाच अभिमान वाटला. "तुझं डोकं लिफ्टमध्ये फुकट गेलं रे," तो म्हणाला.

मग काय विचारता! असा हात चालला आमचा! टेलर चिठ्ठ्या काढतोय, मी रेघ बघतोय, "वर! फुली! खाली! बरोबर! खाली! अरे हा बघ, हा तर तळघरात गेलाय, याला मोठं बरोबर!" पिवळी-गुलाबी, पिवळी-गुलाबी, जोड्या लावल्या. कुठे चिठ्ठी कमी पडली तिथे बाजूला पडलेल्या कोऱ्या गठ्ठ्यातून नवी केली. हिची बरोबरची खूण मोठी असते, शेपटी वर उडवलेली. मला ती पाठ आहे. मला स्वतःला कधी मिळालेली नाही, पण दुसऱ्यांच्या वह्यांवर लांबून बघितलीय.

उरलेल्या चिठ्ठ्या टेलरने खिशात कोंबल्या. दारात पोचल्यावर त्याने मला चक्क सलाम ठोकला. असा सलाम मला लिफ्टमध्येसुद्धा कोणी केला नव्हता, तिथे मीच करायचो.

थोड्या वेळाने दोघी उठल्या. सूनबाई चिठ्ठ्या उघडायला बसली. एक उघडली, बरोबर-बरोबर. दुसरी, फुली-फुली. तिसरी. चौथी. ती खुर्चीतून उठलीच.

"आई! आई, इकडे या!"

"काय झालं? काय केलं ह्यांनी?" (आधी मीच!)

"आई, आपलं सगळं जुळतंय! एकसुद्धा वाद नाही!"

ही चष्मा लावून बघायला लागली. बघता बघता तिचा चेहरा मऊ झाला. एवढा मऊ मी लग्नाच्या फोटोतही पाहिलेला नाही. "अगं, आपलं एवढं जमतं हे मला ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली.

"मलाही नव्हतं, आई."

"परवा मी तुला पडद्यांवरून बोलले..."

"जाऊ दे ना आई. पडदे तुमचेच बरोबर होते."

आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली! मी कोपऱ्यात उभा. मंडळी, या घरात शांतता नांदावी म्हणून मी काय काय केलं होतं. बहिरेपणाचं सोंग घेतलं, आजारी पडलो, एकदा तर हरवलो. आणि शेवटी जमलं कशाने? फुलीने! मला वाटलं, हे पाप नाहीच, समाजसेवा आहे.

मध्ये एकदा सूनबाई एका कागदाशी थबकली. "हा मी ठेवला होता? यात तर तुलना करायला दुसरा गटच नाही..."

"दमलीयस तू," मी लगेच म्हणालो. "चहा घे." (कोण करणार तो, ते मी सांगितलं नाही.)

पाचला मॅडम आल्या. छोटे केस, मोठी पिशवी, आणि चेहरा असा, की लिफ्टमध्ये चढल्या तर लिफ्टने स्वतःहून दार लावून घ्यावं. सूनबाईने हसत हसत गठ्ठा पुढे ठेवला. मॅडमनी कागद चाळले. चिठ्ठ्या पाहिल्या. मग चष्मा काढला.

"वाद किती?"

"एकही नाही, मॅडम!"

"एकही नाही?"

"शंभर टक्के एकमत!"

मॅडमनी गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मी आयुष्यभर हे काम करतेय. मी आणि माझा नवरा एकाच कॉलेजात शिकलो, एकाच विषयात. तरी आमचं असं कधी जुळलं नाही. कोणाचंच जुळत नाही. माणसं खरंच वेगवेगळी वाचत असली तर थोडंतरी भांडण होतंच."

"पण मॅडम..."

"आणि तुम्ही तर सासू-सून."

खोलीतली हवाच गेली.

"दोघींनी बोलून खुणा केल्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "मला राग नाही, वाईट वाटतंय. हे मी दुसऱ्या कोणाला देते. तुझ्या नावाचं नंतर कधीतरी बघू."

सूनबाई उभ्या जागी थिजली. नुसतं पेनचं टोपण लावत होती, काढत होती. पण आमची ही उभी राहिली. ज्या बाईने उभ्या आयुष्यात बाकाखालच्या चिठ्ठ्या पकडल्या, तिच्यावर आळ आला होता!

"मी कॉपी केली?"

"काकू, मी कॉपी असं म्हटलं नाही..."

"मग काय म्हटलंत? माझ्या हाताखालून पोरं शिकून गेली, डॉक्टर झाली, पण एकाची हिंमत नव्हती मान वळवायची. आणि मी ह्या वयात सुनेच्या पेपरात बघेन?"

दाराच्या फटीतून टेलर दिसत होता. तो मला मानेने सांगत होता, गप्प बस, गप्प बस, जिंकलो आपण. मला गंमत करायला आवडते, मंडळी. आवडते म्हणजे काय, दुसरं काही येतच नाही. पण ते टोपण मला बघवेना.

"मॅडम," मी म्हणालो, "ह्या दोघींचं आजवर कशावरही एकमत झालेलं नाही. डाळीत मीठ किती, इथपासून पंखा किती, इथपर्यंत. मी साक्षीदार आहे."

"मग हे काय आहे?"

"हे एकमत माझं एकट्याचं आहे."

तिघी माझ्याकडे वळल्या. मी सगळं सांगून टाकलं. टेलरला वाचवायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात तो दाराबाहेर शिंकला, म्हणून त्याचंही नाव सांगितलं.

सूनबाई म्हणाली, "बाबा!" एवढंच. पण त्या एका शब्दात सगळी खरडपट्टी आली.

ही म्हणाली, "मला माहीत होतं. दमलात म्हणाले तेव्हाच मला माहीत होतं."

मॅडम मात्र भलत्याच उत्सुक होऊन खुर्चीच्या टोकावर आल्या. "काका, थांबा. एवढं बारीक अक्षर वाचता येत नाही म्हणता, मग कोणता कागद ठेवायचा हे ठरवलंत कसं?"

आता कोणी माझ्या कामाबद्दल असं आपुलकीने विचारलं की मला राहवत नाही. मी छाती काढून सांगितलं. लिफ्ट, रेघ, वर, खाली, फुली, बरोबर. सगळं.

सूनबाईने एक कागद ओढला. मग दुसरा. मग तिसरा. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. बघतो तर हसतेय!

"बाबा, ही रेघ कशाची आहे ते वाचलंत का?"

"रेघ कोणी वाचतं का? रेघ बघतात."

"खाली बारीक अक्षरात लिहिलंय. बायकोच्या घरकामाचे तास."

"मग?"

"मग काय बाबा! रेघ खाली गेली म्हणजे बायकोचं काम कमी झालं. म्हणजे वर्गाचा उपयोग झाला! जिथे वर्गाने काहीच झालं नाही ते सगळे तुम्ही फेकून दिलेत, आणि जिथे नवरे झाडून कामाला लागले तेवढेच निवडून ठेवलेत!"

मॅडम गठ्ठा हातात घेऊन म्हणाल्या, "हा रिव्ह्यू असाच गेला असता ना काका, तर संस्थेने जिल्हाभर वर्ग काढले असते. सक्तीचे."

दाराबाहेर धप्प आवाज आला. टेलर पायरीवर बसला होता.

त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या. पण त्यांच्यावर कागदाचा नंबर टाकायचा सूनबाईकडून राहून गेला होता. कोणती चिठ्ठी कोणत्या कागदाची, देव जाणे. त्यावरून सूनबाई मॅडमची बोलणी खाऊन बसली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मला उद्या सकाळी हे द्यायचंय. दोघी आत्ता परत वाचा, नंबर टाकून. मी इथून हलत नाही. झालं तर तुझं नाव."

"वाचते की! पण घरातलं?" हिने विचारलं. "स्वयंपाक, भांडी, मशीनमधले कपडे?"

फक्त तीन माना माझ्याकडे वळल्या. पायरीवरून चौथी वळली. टेलर लगेच "माझं गिऱ्हाईक खोळंबलंय" म्हणत सटकला.

तुम्हाला म्हणून सांगतो, स्वयंपाकघर ही फार फसवी जागा आहे. लांबून लहान दिसते. टेबलाशी ही बसलेली, कागदात डोकं घालून. मी विचारलं, "अगं, लायटर कुठाय?"

बाहेरून सूनबाई ओरडली, "बाबा, आईंशी बोलायचं नाही! त्या वाचतायत!"

"मी फक्त लायटर..."

मॅडम म्हणाल्या, "काका, खुणासुद्धा नकोत."

म्हणजे जिला सगळं माहीत ती समोर बसलीय, आणि विचारायला बंदी! मी डबे उघडत सुटलो. प्रत्येक डब्यात काहीतरी पांढरं. लायटर फ्रीजवर सापडला, मीठ सापडलं तेव्हा भात होऊन गेला होता. भात म्हणजे, खाली काळा, मध्ये पांढरा, वर कच्चा. मशीनमधून कपडे काढले, तर माझा सदरा नातवाला होईल एवढा. (नातू अजून व्हायचाय. तयारी असलेली बरी.) आणि ही? ही कागदाआडून सगळं बघत होती. तोंडातून चकार शब्द नाही, पण भुवया! भुवयांना कोणी नियम लावला नव्हता.

मॅडमना चहा नेऊन दिला.

"काका, हा कोणत्या भांड्यात केलात?"

"का हो?"

"कांदा लागतोय."

"नवीन पद्धत आहे," मी म्हणालो. पण पीत होत्या हो बाई, शेवटपर्यंत प्यायल्या. कामाचं माणूस.

रात्र बरीच झाली तेव्हा दोघींनी पेनं ठेवली. चिठ्ठ्या उघडल्या. पहिलीच चिठ्ठी, सूनबाईची बरोबर, हिची फुली!

"याच्यात नवऱ्यांना निवडलं कसं तेच सांगितलं नाही, आणि तू ठेवलास?" ही म्हणाली.

"सांगितलंय आई, शेवटच्या पानावर. तुम्ही शेवटचं पान वाचतच नाही!"

"मी वाचत नाही? मी?"

"आणि पडद्यांचं म्हणाल तर..."

मॅडमनी डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली, जणू कोणी गाणं लावलंय. "आता कसं खरं वाटतंय," त्या म्हणाल्या. जिथे वाद होता तिथे त्यांनी एकेक निकाल दिला, गठ्ठा पिशवीत घातला आणि पहिल्या पानावर सूनबाईचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. एकटीचं. पोरगी परत तरंगायला लागली, आणि मला वाटलं, चला, भात करपला तो कारणी लागला.

रिव्ह्यूतून निघालं असं, की काही ठिकाणी वर्गाने फरक पडला, काही ठिकाणी नाही, आणि म्हाताऱ्या नवऱ्यांवर तर कोणी प्रयोगच केलेला नाही. म्हणून संस्थेने ठरवलं, आधी लहान प्रमाणात करून बघू, ह्याच गल्लीत. नवऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या. अर्ध्यांना वर्ग, अर्ध्यांना काही नाही. अर्धे काही नाहीवाले कशाला? तर तुलनेला. त्यांनी आहे तसंच राहायचं, काहीही बदल करायचा नाही.

टेलर तुलनेत निघाला! आयुष्यभर घरात काडी इकडची तिकडे केली नाही, आणि आता त्याला सांगण्यात आलं, की तसंच चालू ठेवा, त्याने विज्ञानाला मदत होते. बायको काही बोलली की म्हणतो, "अभ्यास बिघडेल."

मी श्वास रोखून माझ्या चिठ्ठीची वाट बघत होतो. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला घेता येणार नाही. तुम्हाला सगळं आधीच माहीत झालंय. शिवाय तुम्ही घरकाम सुरू केलंय. तुमच्यावर वर्गाचा परिणाम किती आणि आधीचा किती, कसं कळणार?"

मी तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. सुटलो! वर्ग नाही, ओळ नाही, परीक्षा नाही!

"बरोबर आहे," मागून आमची ही म्हणाली. "ह्यांना वर्ग कशाला? येतंय की सगळं. भांडी उद्यापासून ह्यांच्याकडे."

तेव्हापासून भांडी माझ्याकडे आहेत. सुट्टी नाही, मास्तर नाही, सर्टिफिकेट नाही.

परवा सूनबाईच्या ऑफिसातली एक मुलगी आली. घरोघरी प्रश्न विचारायला जायच्या आधी प्रश्न नीट जमतात का बघायला तिने आमच्याच घरी तालीम केली. मी मुद्दाम हातात ओलं फडकं घेऊन मध्येच उभा राहिलो. म्हटलं, कोणीतरी लिहून तरी घेऊ दे.

"आजी, आजोबा घरकामात मदत करतात?" तिने विचारलं.

"करतात ना! रोज भांडी तेच घासतात."

माझी मान ताठ झाली. मुलगीही खूश झाली. "अरे वा! मग तुमचा भांड्यांचा वेळ किती कमी झाला?"

"कमी?" ही म्हणाली. "दुप्पट झाला की गं! आधी नुसती खरकटी घासायची, आता ह्यांनी घासलेलीसुद्धा घासावी लागतात."